नाताळच्या आठव्या दिवशी

डिसेंबरचा मध्य उलटला की शुभेच्छापत्रांवर आणि संदेशांमध्ये दोन सण एकाच ओळीत बसवलेले दिसू लागतात. नाताळच्या आणि नववर्षाच्या हार्दिक शुभेच्छा, असे आपण एका दमात म्हणून मोकळे होतो, आणि मीही अनेक वर्षे ते वाक्य फारसा विचार न करता लिहीत आले आहे. मात्र या दिवसांत मनाला थोडी उसंत मिळाली की हे दोन सण किती परस्परविरोधी आहेत याचे मला नवल वाटू लागते. नाताळची कथा सांगते की जे यायचे होते ते कोणाच्याही पात्रतेची चौकशी न करता आले. नववर्षाची रीत विचारते की सरल्या वर्षात तुम्ही काय केलेत आणि येत्या वर्षात काय करून दाखवणार आहात. एक सण मिळण्याचा आहे, दुसरा हिशेबाचा. मनाने एका आठवड्यात एका टोकावरून दुसऱ्या टोकावर जावे अशी अपेक्षा असते, आणि प्रत्यक्षात बहुतेकांचे मन २६ तारखेच्या सकाळीच हिशेबाच्या बाजूला कलंडलेले असते.

असे का होते याचे एक कारण मला चर्चच्या जुन्या दिनदर्शिकेत सापडले. पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेत नाताळपूर्वीच्या चार रविवारांचा काळ हा आगमनकाळ मानला जातो. त्याचा मूळ स्वभाव उत्सवाचा नाही. तो वाट पाहण्याचा आणि संयमाचा काळ आहे. उत्सव सुरू होतो तो २५ डिसेंबरला, आणि त्यानंतर तो बारा दिवस चालतो. इ. स. ५६७ मध्ये फ्रान्समधील तूर येथे भरलेल्या धर्मसभेने ख्रिस्तजन्म आणि ६ जानेवारीचा प्रकटीकरणाचा सण यांमधले सगळे दिवस सणाचे मानले होते. या मोजणीत १ जानेवारी हा नाताळ संपल्यानंतर येणारा दिवस ठरत नाही. तो नाताळच्या पोटातच येतो, आणि अजून निम्म्याहून थोडा कमी सण शिल्लक असतो.

बाजाराने हा क्रम उलटा केला आहे. आता उत्सव नोव्हेंबरातच सुरू होतो, वाट पाहण्याचा काळ खरेदीच्या काळात विरघळून जातो, आणि २५ डिसेंबरच्या रात्री सगळे आटोपते. स्वयंपाक करताना चव घेता घेताच पोट भरावे आणि ताट वाढेपर्यंत भूक मरावी, तशी आपली अवस्था होते. ज्या दिवशी सण सुरू व्हायचा त्या दिवशी आपण त्याला कंटाळलेले असतो, आणि नवे वर्ष येते ते या कंटाळलेल्या मनाकडे. दमलेल्या माणसाला कोणी हिशेब मागितला तर तो स्वतःवर चिडतो किंवा खोटी आश्वासने देतो. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात या दोन्ही गोष्टी विपुल प्रमाणात दिसतात.

बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, असे म्हटले आहे की आठव्या दिवशी बालकाची सुंता झाली आणि त्याला येशू हे नाव देण्यात आले. २५ डिसेंबर हा पहिला दिवस धरला तर आठवा दिवस १ जानेवारी येतो, आणि म्हणून अनेक शतके चर्चने हा दिवस सुंतेचा आणि नामकरणाचा सण म्हणून पाळला. कॅथलिक चर्चमध्ये आता तो मरियेच्या मातृत्वाचा सण आहे, आणि सहावे पोप पॉल यांनी १९६८ पासून तोच दिवस जागतिक शांतिदिन म्हणूनही ठरवून दिला. मला मात्र जुनाच अर्थ अधिक आवडतो. वर्षाच्या पहिल्या दिवशी एका तान्ह्या मुलाला नाव मिळते, एवढेच. त्याने अद्याप काहीही केलेले नाही, काही सिद्ध केलेले नाही, त्याला मानही धरता येत नाही. तरी त्याला नाव मिळते आणि तो माणसांत जमा होतो. वर्षाची सुरुवात करण्याची ही रीत संकल्पांच्या यादीहून कितीतरी वेगळी आहे.

या दोन्ही तारखा माणसांनी ठरवलेल्या आहेत, हे येथे सांगितलेच पाहिजे, कारण दरवर्षी कोणीतरी ते एखादा गौप्यस्फोट केल्याच्या थाटात सांगतच असते. शुभवर्तमानांत जन्माची तारीख नाही. शुभवर्तमानकारांपैकी मार्क आणि योहान तर जन्मकथा सांगतच नाहीत. २५ डिसेंबरला ख्रिस्तजन्म मानल्याचा सर्वांत जुना भक्कम पुरावा रोममधला आहे. तो ३५४ साली संकलित झालेल्या एका रोमन पंचांगात मिळतो, आणि त्यातील नोंद ३३६ च्या सुमाराची समजली जाते. ही तारीख सूर्यदेवाच्या रोमन उत्सवावरून आली, की गर्भधारणा २५ मार्चला झाली असे मानून त्यात नऊ महिने मिळवल्याने आली, यावर अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत. तो वाद मी त्यांच्यावर सोपवते.

१ जानेवारीची कथा याहून अधिक वळणाची आहे. रोमचे कॉन्सल, म्हणजे तेथील सर्वोच्च शासकीय पदाधिकारी, इ. स. पूर्व १५३ पासून या दिवशी पदभार स्वीकारू लागले, म्हणजे या तारखेचा उगमच मुळी कार्यालयीन आहे. पुढे युरोपातील अनेक प्रदेशांनी ती सोडून दिली. इंग्लंडमध्ये १७५१ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, व्हेनिसच्या प्रजासत्ताकात ते १७९७ मध्ये त्याचा अंत होईपर्यंत १ मार्चला सुरू होत राहिले, आणि रशियात पीटर द ग्रेटने १७०० पासून १ जानेवारी लागू करण्यापूर्वी १ सप्टेंबरला. प्रशांत महासागरातील सामोआ या देशाने २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषेची दुसरी बाजू पत्करली, तेव्हा तेथे २९ डिसेंबरनंतर थेट ३१ डिसेंबर उजाडला. त्या देशात त्या वर्षी ३० डिसेंबर नावाचा दिवस झालाच नाही. शेजारच्या अमेरिकन सामोआत आज नववर्ष पूर्ण एका दिवसाने उशिरा येते. आकाशाकडे पाहावे तर १ जानेवारीला विशेष काहीही घडत नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर अंतरावर येते खरी, पण ही तारीख ठरवणाऱ्यांना त्याची कल्पना नव्हती. अंधारातून प्रकाशाकडे जाण्याची जी भाषा या सणांभोवती वापरली जाते तीही अर्ध्याच पृथ्वीला लागू पडते. दक्षिण गोलार्धात हे दिवस भर उन्हाळ्यातले असतात आणि तेथे २१ डिसेंबरनंतर दिवस लहानच होऊ लागतो.

तारीख ठरवलेली आहे म्हणून ती खोटी ठरते, असे मला वाटत नाही. नाव हीदेखील ठरवलेलीच गोष्ट असते. पण ती कोणी ठरवली आणि कशासाठी ठरवली, हे पाहण्यासारखे असते. पदभार, करवसुली, कर्जाची मुदत, भाडेपट्टे या सगळ्यांना एक प्रारंभदिन लागतो आणि नववर्षाची तारीख या गरजेतून पक्की होत गेली. हिशेबाची वृत्ती नववर्षाला नंतर चिकटलेली नाही, ती त्याच्या जन्मापासून त्याच्यासोबत आहे.

आणि येथेच लूकची कथा मला प्रत्येक वाचनात नव्याने थक्क करते, कारण तीही एका मोजणीपासून सुरू होते. सम्राट ऑगस्टसने सर्वांची नावनिशी व्हावी असा हुकूम काढला म्हणून योसेफ आणि गर्भवती मरिया बेथलेहेमला आले. साम्राज्याला माणसे मोजायची आहेत, कारण मोजलेल्या माणसांवर कर बसवता येतो. कथेतील सगळी हालचाल या मोजणीमुळे होते, आणि जन्म मात्र मोजणीच्या कडेला होतो. उतारशाळेत जागा नव्हती म्हणून बालकाला बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवले, एवढ्या कमी शब्दांत लूकने तो प्रसंग सांगितला आहे. आपण ज्या देखाव्यांना सरावलो आहोत त्यातील बैल आणि गाढव या प्रसंगात नाहीत. मत्तयच्या शुभवर्तमानात बालकाला भेटायला पूर्वेकडून येणाऱ्या मागी, म्हणजे ज्ञानी लोकांची संख्याही त्याने कोठे तीन अशी दिलेली नाही, भेटवस्तू तीन होत्या एवढेच. गव्हाणीचा देखावा जिवंत प्राण्यांसह मांडण्याची कल्पना असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतील ग्रेचो या गावी प्रत्यक्षात आणली. देखाव्यांबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यातील दिव्यांच्या झगमगाटात मूळ कथेतील प्रशासकीय थंडपणा हरवतो, आणि तो हरवला की मिळणे आणि मोजले जाणे यांमधील ताणही हरवतो. आपण एका आठवड्यात दोन सणांमध्ये जो प्रवास करतो तो त्या कथेच्या पहिल्याच परिच्छेदात केलेला आहे, फक्त उलट्या दिशेने. तेथे माणसे हिशेबासाठी निघतात आणि त्यांना काही वेगळेच मिळते.

या कथेत आणि तिच्याभोवतीच्या दिनदर्शिकेत गोडवा फार कमी आहे, हेही मला उशिरा उमगले. नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, २६ डिसेंबरला, दगडमार करून ठार केलेल्या संत स्तेफनचा स्मरणदिन येतो. २८ डिसेंबरला हेरोद राजाने मारवलेल्या बेथलेहेममधील लहान मुलांचा. जन्माच्या सणानंतर तिसऱ्याच दिवशी मारल्या गेलेल्या बालकांचे स्मरण ठेवणाऱ्या या लोकांना आनंद म्हणजे काय हे आपल्याहून अधिक कळत असावे, असे मला वाटते. त्यांनी दुःखाला सणाच्या बाहेर उभे केले नाही. आपण करतो. ज्या घरात यंदा एक माणूस कमी झाले आहे त्या घराला डिसेंबर अखेरीस चेहरा हसरा ठेवण्याचे जे ओझे वाहावे लागते ते ज्याने वाहिले आहे त्यालाच ठाऊक. अलीकडे अनेक चर्चमध्ये वर्षातील सर्वांत मोठ्या रात्रीच्या सुमारास शोकाकुल लोकांसाठी वेगळी प्रार्थनासभा घेतली जाते. ती कल्पना मला अतिशय योग्य वाटते, पण २८ डिसेंबर दिनदर्शिकेत अगोदरपासून होताच, आणि तो सर्वांसाठी होता.

मी दरवर्षी शुभेच्छा पाठवण्यासाठी नावांची एक यादी ठेवते. ती यादी वर्षागणिक वाढेल अशी माझी कधीकाळी समजूत होती. आता त्यातून नावे गळतात, आणि प्रत्येक डिसेंबरात एखाद्या नावापाशी हात थांबतो. ते नाव पुसून टाकणे ही नववर्षाची रीत झाली. ते नाव तसेच ठेवून त्या माणसाच्या मागे राहिलेल्यांना दोन ओळी लिहिणे मला नाताळच्या रीतीशी अधिक जुळणारे वाटते. त्या दोन ओळींत शुभेच्छा नसतात. गेलेल्या माणसाबद्दलची एखादी नेमकी आठवण असते, आणि अशा पत्रांना येणारी उत्तरे ही मला मिळणाऱ्या सर्व उत्तरांत सर्वांत लांब असतात.

नाताळ आणि नववर्ष यांमधील या आठवड्याचा सर्वांत भयंकर आणि सर्वांत मोठा असा दुहेरी अर्थ मला अमेरिकेतील गुलामगिरीच्या इतिहासात दिसतो. दक्षिणेकडील राज्यांत अनेक ठिकाणी गुलामांना नाताळपासून नववर्षापर्यंत कामातून सुटी दिली जात असे. फ्रेडरिक डग्लस यांनी स्वतः गुलामगिरी भोगली होती. १८४५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आत्मकथनात त्यांनी या सुटीकडे अत्यंत परखड दृष्टीने पाहिले आहे. ही सुटी मालकांच्या दयाळूपणातून आलेली नसून बंडाची वाफ सुरक्षितपणे बाहेर जावी यासाठी केलेली व्यवस्था आहे, असे त्यांचे म्हणणे होते. सुटी संपताच १ जानेवारी येई. वर्षाची देणीघेणी त्या दिवशी चुकती होत, आणि गुलाम माणसे त्या हिशेबातील नगांसारखी वर्षभराच्या भाड्याने दुसऱ्या मालकांकडे दिली जात किंवा विकली जात. आई एकीकडे आणि मूल दुसरीकडे, असे त्या दिवशी घडत असे, म्हणून गुलामांच्या जगात तो काळीज फाटण्याचा दिवस म्हणून ओळखला गेला. आई आणि मूल नाताळचा आठवडा एकत्र घालवत असताना पुढच्या नाताळात आपण एकत्र असू की नाही हे दोघांनाही ठाऊक नसे.

डग्लस यांना गुलामांचे मन मोडून काढण्यासाठी कुप्रसिद्ध असलेल्या एका शेतकऱ्याकडे वर्षभरासाठी पाठवण्यात आले, तो दिवस त्यांच्या १८४५ च्या आत्मकथनानुसार १ जानेवारी १८३३ हा होता. सुमारे तीस वर्षांनी, १ जानेवारी १८६३ रोजी, तेच डग्लस बॉस्टनमधील ट्रेमाँट टेंपल या सभागृहात मोठ्या जनसमुदायासोबत तारेची वाट पाहत बसले होते. राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्यावर सही केली की नाही, हे त्या तारेतून कळणार होते. आदल्या रात्री, ३१ डिसेंबर १८६२ ला, अनेक कृष्णवर्णीय चर्चमध्ये आणि मेळाव्यांत लोक जागत बसले होते. वॉशिंग्टनमध्ये लिंकन नववर्षाच्या रिवाजाप्रमाणे तासन्तास पाहुण्यांशी हस्तांदोलन करण्यात गुंतले होते आणि सही त्यानंतर दुपारी झाली. बॉस्टनमध्ये बातमी पोहोचली तेव्हा रात्र बरीच झाली होती. जाहीरनाम्याने सगळे गुलाम त्या क्षणी मुक्त झाले असे नाही. तो देशातून फुटून लढणाऱ्या बंडखोर राज्यांपुरता होता, आणि संपूर्ण देशातील गुलामगिरी घटनादुरुस्तीने संपायला १८६५ चा डिसेंबर उजाडावा लागला. तरीही ज्या तारखेला माणसांचा हिशेब होत असे त्याच तारखेला माणसे हिशेबाच्या वहीतून बाहेर पडू लागली, ही गोष्ट राहतेच. ३१ डिसेंबरच्या रात्री चर्चमध्ये जागण्याची प्रथा मोरेव्हियन आणि मेथडिस्ट पंथांत याआधीपासून होती, पण आफ्रिकी अमेरिकी चर्चमध्ये आजही होणाऱ्या त्या रात्रीच्या उपासनेला १८६२ चे स्मरण चिकटलेले आहे. मध्यरात्रीच्या आतषबाजीत मला फारसा रस नाही, पण या जागण्याबद्दल वाचले की नववर्षाची वाट पाहणे म्हणजे काय असू शकते, हे मला कळते.

आपले संकल्प या पार्श्वभूमीवर फारच किरकोळ दिसतात, हे खरे. त्यांची थट्टा करणे सोपे आहे आणि मी ती केलेलीही आहे. मात्र संशोधन थट्टेला पूर्ण दुजोरा देत नाही. अमेरिकेतील स्क्रँटन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ जॉन नॉरक्रॉस यांच्या १९८८ मधील अभ्यासात संकल्प करणाऱ्या २०० जणांचा दोन वर्षे मागोवा घेतला गेला. पहिल्या आठवड्यानंतर ७७ टक्के लोक संकल्पावर टिकून होते आणि दोन वर्षांनी १९ टक्के. लोक यातील दुसरा आकडा सांगून हसतात. त्यांच्याच २००२ मधील अभ्यासाकडे कमी लक्ष दिले जाते. स्वतःत बदल करण्याची इच्छा असलेल्यांपैकी ज्यांनी नववर्षाचा संकल्प केला होता त्यांतील ४६ टक्के लोक सहा महिन्यांनंतरही यशस्वी होते, आणि ज्यांनी इच्छा असूनही संकल्प केला नव्हता त्यांत हेच प्रमाण ४ टक्के होते. हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले की नवा आठवडा, नवा महिना, नवे वर्ष किंवा वाढदिवस अशा टप्प्यांनंतर लोक व्यायामशाळेत अधिक जातात आणि ध्येयांसाठी स्वतःला अधिक बांधून घेतात. म्हणजे तारीख माणसाने ठरवलेली असली तरी तिचा माणसावर परिणाम होतो. हे मान्य करणे मला प्राप्त आहे.

माझा आक्षेप संकल्पाला नाही, त्यात कोण असते याला आहे. बहुतेक संकल्पांमध्ये एकच माणूस असतो आणि तो आपण स्वतः असतो. वजन, वाचलेली पाने, वाचवलेले पैसे, चाललेली पावले, जे मोजता येते ते सगळे. सम्राट ऑगस्टसला आवडले असते असे हे संकल्प आहेत. चौथे शतक संपून पाचवे सुरू होण्याच्या सुमारास उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीन यांनी जानेवारीच्या रोमन उत्सवावर प्रवचन केले होते. लोक एकमेकांना नववर्षाच्या भेटवस्तू देत आहेत, तुम्ही दान द्या. ते मद्यधुंद होत आहेत, तुम्ही उपवास करा, असा त्यांचा रोख होता. उपवासाचे सोडा. पण श्रोत्यांना त्यांनी दिलेली पहिली गोष्ट त्यांच्या स्वतःच्या सुधारणेविषयी नव्हती, ती दुसऱ्याच्या हातात काहीतरी ठेवण्याविषयी होती, आणि मला ती आजही नववर्षाची सर्वांत उपयोगी सूचना वाटते.

संकल्प मोडणाऱ्यांचा विचार करताना मला इंग्रजी शब्दकोशकार सॅम्युएल जॉन्सन आठवतात. हा अफाट काम करणारा माणूस लवकर उठण्याचा संकल्प नववर्षाला, वाढदिवसाला आणि ईस्टरला वर्षानुवर्षे करीत राहिला आणि तो मोडत राहिला, आणि हे सगळे त्याने आपल्या खासगी नोंदींत प्रार्थनांच्या रूपात लिहून ठेवले. १७७५ मध्ये, वयाच्या पासष्टीत, त्याने स्वतःलाच विचारले की इतके संकल्प मोडल्यावर पुन्हा संकल्प का करायचा. सुधारणा आवश्यक आहे आणि निराश होणे हा अपराध आहे म्हणून, असे उत्तर त्याने दिले. या नोंदींत हिशेब आहे, पण तो हिशेब अशा कोणापुढे मांडलेला आहे जो हिशेबाच्या निकालावर माणसाला टाकून देणार नाही, अशी त्याची श्रद्धा होती. त्यामुळे त्या नोंदी वाचताना लाज वाटत नाही, आपुलकी वाटते. मोडलेला संकल्प घेऊन पुन्हा त्याच दारात उभे राहता येणे, हे नाताळच्या काळातच शक्य आहे. नुसत्या नववर्षात मोडलेला संकल्प म्हणजे फक्त कमी पडलेला आकडा.

म्हणून मी गेल्या काही वर्षांत माझ्यापुरती मांडणी बदलली आहे. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मी शक्यतो शुभेच्छा पाठवत नाही, आणि २५ तारखेला सगळे उरकून टाकण्याची घाई करीत नाही. पत्रे लिहायला मी २६ तारखेला बसते, जेव्हा इतरांचे संदेश थांबलेले असतात आणि वाचणाऱ्याला थोडी फुरसत असते. ज्यांच्या घरी दुःख आहे त्यांना २८ च्या सुमारास लिहिते. ३१ च्या रात्री मी वर्षाचा ताळेबंद मांडत नाही. त्याऐवजी सरल्या वर्षात न मागता जे मिळाले ते लिहून काढते, आणि ही यादी करणे ताळेबंदापेक्षा बरेच अवघड जाते, कारण आपण मिळवले म्हणून ज्यांची नोंद केलेली असते त्यांतील पुष्कळ गोष्टी शेवटी कोणीतरी दिलेल्या निघतात. १ जानेवारीला संकल्प करायचाच झाला तर मी तो एखाद्या माणसाच्या नावाने करते. अमुक यांना दर महिन्याला भेटेन, तमुक यांचे अडलेले काम पूर्ण होईपर्यंत त्यांच्यासोबत राहीन. तो पाळला जातो की नाही हे मला मोजावे लागत नाही, समोरचा माणूस सांगतो.

दिवे आणि सजावट मी ५ जानेवारीच्या रात्रीपर्यंत काढत नाही, आणि त्याबद्दल विचारणा झाली तर नाताळ अजून चालू आहे असे शांतपणे सांगते. माझी पत्रे उशिरा मिळतात, अशी तक्रार काही मित्र करतात. त्यांना मी सांगते की उत्तर सावकाश द्या, ६ जानेवारीपर्यंतची पत्रे मी वेळेवर आलेलीच धरते, आणि त्यानंतर लिहिणार असाल तरी हरकत नाही, कारण रशिया, सर्बिया, जॉर्जिया, इजिप्त आणि इथिओपिया येथील जुने पंचांग पाळणाऱ्या चर्चमध्ये ख्रिस्तजन्माचा दिवस ७ जानेवारीलाच उजाडतो.